पत्कीबाईंची सही

पत्कीबाईंनी त्या कागदावर सही केली तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. दुबईची मंदी म्हटलं की लोक थांबलेल्या क्रेनच्या आणि ओस पडलेल्या टॉवरच्या गोष्टी सांगतात. मीही ते सगळं पाहिलं. पण मी खरी घाबरले ती दुबईपासून विमानानं आठ तास आणि पुढं बसनं चार तास लांब, चीनमधल्या एका कारखान्याच्या गारठलेल्या ऑफिसात. कारण सही न करणं हीच तर पत्कीबाईंची ख्याती होती.

मी दोन हजार सहा साली डोंबिवलीहून दुबईला आले. नळ, पाइप, व्हॉल्व्ह असला माल चीनहून आणून इकडच्या बिल्डरांना पुरवणारी एक कंपनी होती, तिच्या जबल अलीच्या गोदामात डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं होतं. राहायला देरा भागात चौघींत एक खोली, सकाळी सहाला कंपनीची बस. दुसऱ्याच दिवशी मला एक सर्टिफिकेट देऊन आत पाठवलं. पत्की मॅडमची सही आणायची, यल्ला, म्हणजे चल पळ, एवढंच सांगितलं.

गोदामात एक पंचेचाळिशीची ठेंगणी बाई ओढणी कमरेला खोचून जमिनीवर उकिडवी बसली होती. समोर लोखंडी ठोकळा, हातात हातोडी. तिनं खोक्यातून गॅसलाइनचा एक चकचकीत व्हॉल्व्ह उचलला, ठोकळ्यावर ठेवला आणि घाव घालून फोडला. तुकडा खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "मराठी का गं? चालीवरून वाटतेस." मी हो म्हटलं. "मग बघ इकडं. बाहेरून पितळ सगळंच पिवळं असतं. हा आतला दाणा बघ, काळपट आहे की नाही? भंगार मिसळलंय मेल्यांनी."

सही मिळाली नाही. तो सगळा माल परत गेला. मी रिकाम्या हातानं ऑफिसात आले तेव्हा सगळे हसले. नवीन माणसाला पहिल्यांदा पत्कीबाईंकडं पाठवायचं, ही तिथली पद्धतच होती.

त्या मिरजेच्या. वडिलांचं सांगलीला पितळेचं ओतकाम होतं, त्या भट्टीपाशीच लहानाच्या मोठ्या झालेल्या. डिप्लोमा केला तेव्हा वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच. लग्नानंतर दुबईला आल्या, कारण पत्की बँकेत होते. बरीच वर्षं घरी बसल्या, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर या कंपनीत लागल्या. मालकांनी, म्हणजे आम्ही ज्यांना शेठ म्हणायचो त्यांनी, त्यांना सरळ चीनला धाडलं. माल इथं येऊन परत जाण्यापेक्षा तिथंच तपासलेला बरा, असा हिशेब. तेव्हापासून महिन्यातले दोन-तीन आठवडे पत्कीबाई तिकडच्या एका गावात, आणि दुबईत असल्या की गोदामात आलेला माल परत फोडून बघत. गावाचं नाव आमच्या कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, आम्ही त्याला व्हॉल्व्हचं गाव म्हणायचो. तिथं घरोघरी व्हॉल्व्ह होत. कुणी ओतायचं, कुणी कातायचं, कुणी पॉलिश करायचं. पत्कीबाई सांगत, की नदीत हात घातला तर नखं हिरवी होतात.

बर दुबई या भागातल्या आपल्या मराठी मंडळींना त्यांचं हे जगणं पचलं नव्हतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारायचंच, नवरा पोळ्या लाटतो म्हणे? एकदा हे पत्कींच्याच समोर झालं. तो शांत, जाड चष्म्याचा माणूस म्हणाला, "लाटतो. गोल येत नाहीत अजून." आणि ताटलीतली डाळ खात राहिला.

संध्याकाळी जबल अलीहून परतताना बसला तास-दीड तास लागायचा. पत्कीबाई दुबईत असल्या की मी त्यांच्या शेजारची जागा धरायची. त्या थर्मासमधून कढत पाणी पीत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, बसमधला एसी धापा टाकतोय, आणि ही बाई फुंकर घालून पाणी पिते! ही चीनची सवय. तिथं गार पाणी मागितलं की लोक घाबरतात, बाईला बरं नाही की काय म्हणून. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढं करायची सवयही तिथलीच. आकडे त्या एका हाताच्या बोटांवर दाखवत, आणि सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी. मीनाबाजारात त्यांनी तशी सहा मीटर अस्तर मागितलं, तर दुकानदारानं टेलिफोन पुढं सरकवला होता.

त्या गावात परदेशी माणूस म्हणजे त्या एकट्याच. पहिल्या दिवशी बसमधून उतरल्या तर मागं चाळीस-पन्नास माणसांची रांग लागली. एका म्हातारीनं रुमाल ओला करून त्यांच्या कपाळावरची टिकली पुसायला घेतली, तिला ती जखम वाटली होती. पोलीस चौकीत नोंद करायला गेल्या तर तिथल्या हवालदारानं आधी नाचून दाखवायला सांगितलं. इंडियाची माणसं नाचतात, हे त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. पत्कीबाईंनी काय केलं असेल? शाळेत बसवलेल्या टिपरीची चार पावलं करून दाखवली आणि शिक्का घेऊन बाहेर पडल्या.

"आणि नाव सांगायची पंचाईत," त्या हसत सांगायच्या. 'नाली' म्हणजे त्यांच्या भाषेत 'कुठं'. कुणी नाव विचारलं आणि यांनी नलिनी म्हणून सांगितलं, की समोरचा इकडंतिकडं बघून विचारायचा, कुठं काय?

शाकाहारी म्हटल्यावर खानावळवाला डुकराचे तुकडे वेचून काढायचा आणि उरलेलं प्रेमानं वाढायचा. मंडईत भाजीवाली विचारायची, काल पालक, आज परत पालक? घरी काही बिनसलंय का? ओळखपाळख नसलेल्या लोकांच्या लग्नाची आमंत्रणं यायची. नवरा-नवरीच्या मधे उभं करून फोटो काढत, कारण परदेशी पाहुणी म्हणजे मान. त्या गावातल्या निदान तीस-चाळीस अल्बमांत तरी आपण आहोत, असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा मिरजेविषयी बोलतानापेक्षाही मऊ व्हायचा.

त्या जिच्या घरी भाड्यानं राहायच्या ती बाई साठीच्या आसपासची, एकटी. तिला त्या आयी म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे आईच म्हणतात, पण तिकडं मावशीला आयीच म्हणतात. ही आयी तिथल्याच कारखान्यात कामाला होती. दिवसभर पाण्याच्या टाकीपुढं बसायचं, व्हॉल्व्हमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवायचा, आणि बुडबुडा आला की बाजूला टाकायचा. तिचे हात बारा महिने लाल आणि सुजलेले असत.

एकदा पत्कीबाईंना तिथं सणकून ताप भरला. आयीनं त्यांना पालथं झोपवलं, पाठीला तेल लावलं आणि चिनी मातीच्या चमच्याच्या कडेनं खरवडून खरवडून पाठभर जांभळे वळ उठवले. तिकडचा तो उपायच आहे. ताप उतरला. पण त्या दुबईला आल्यावर ईशानं, त्यांच्या मुलीनं, ती पाठ पाहिली आणि किंचाळून बापाला बोलावलं. आईला तिकडं कुणीतरी मारतं, अशी त्या पोरीची खात्रीच पटली. पुढं कित्येक महिने ती आईची बॅग भरू देत नव्हती.

दोन हजार आठ संपत आलं आणि दुबई थांबली. ज्या साइटवर रोज आमचे दोन ट्रक जायचे तिथं फाटकाला साखळी. फोन करावा तर पलीकडचा माणूसच देश सोडून गेलेला. आमच्या ऑफिसात अठराजण होते, डिसेंबरअखेर सातजण उरलो. बसमध्ये आपल्या शेजारची सीट कधी रिकामी होईल ते सांगता येत नव्हतं.

एक ऑर्डर तेवढी जिवंत होती. जबल अलीतल्याच एका कंत्राटदाराला त्याच्या लेबर कॅम्पच्या स्वैपाकघरांसाठी गॅसचे सहा हजार व्हॉल्व्ह हवे होते. शेठनी एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, "तू पत्की मॅडमबरोबर चायनाला जा. त्यांचं सगळं काम शिकून घे. मालाच्या रिपोर्टवर दुसरी सही तुझी कर. ही ऑर्डर झाली की त्यांचं खलास. पुढं तूच बघायचं." आणि हे कुणाला बोलायचं नाही, असं बजावलं.

मी बोलले नाही. डोंबिवलीला वडील रिटायर झालेले, भाऊ शिकत होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बोलले नाही, एवढंच खरं.

जानेवारीत आम्ही निघालो. विमानात त्यांनी मला पितळाचे प्रकार समजावले. बसच्या चार तासांत माल कुठून उचलायचा ते सांगितलं. वरच्या खोक्यातून कधीही नाही, खालून तिसऱ्यातून. वहीत लिहून घे म्हणाल्या. मी लिहून घेत होते आणि त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

गावात शिरलो आणि त्या काचेला कपाळ लावून बाहेर बघू लागल्या. हे गाव म्हणजे नुसता आवाज, असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. लेथचा, पॉलिशचा, ट्रकचा. आता चिटपाखरू नव्हतं. कारखान्यांच्या फाटकांवर कागद चिकटवलेले. बसस्टँडवर पट्ट्यापट्ट्यांच्या प्लॅस्टिकच्या थैल्या घेऊन शेकडो माणसं बसलेली, सगळी आपापल्या खेड्याला निघालेली. दुबईची मंदी दुबईतच आहे असं मला वाटत होतं. त्यातल्या एका बाईनं पत्कीबाईंना पाहून हात हलवला, आणि मग पदर नसताना पदरात तोंड लपवावं तशी मान फिरवली.

आमचा कारखाना अजून चालू होता, तो या एका ऑर्डरवर. मॅनेजरनं चहा दिला, खोकी दाखवली. पत्कीबाईंनी खालून तिसऱ्या खोक्यातून व्हॉल्व्ह काढला आणि ठोकळ्यावर ठेवून हातोडी मारली. तो बिस्किटासारखा फुटला. आत काळपट, खरखरीत, मधेच शिशाचे ठिपके. त्यांनी दुसरा फोडला, मग तिसरा, चौथा. सगळे तसेच. एव्हाना मलाही कळत होतं. असला व्हॉल्व्ह पान्यानं आवळला की आज ना उद्या त्याला बारीक चीर जाणार. नळाचा असता तर पाणी ठिबकलं असतं, पण हा गॅसचा होता.

मॅनेजर काहीतरी बोलला. त्या हातोडी खाली ठेवून उठल्या.

संध्याकाळी आयीकडं जेवायला बसलो. टोमॅटो घातलेली अंडी माझ्यासाठी, पत्कीबाईंसाठी कोबी, भात. घरात हीटर नव्हता, आम्ही कोट घालूनच जेवत होतो. आयी माझ्याशी खाणाखुणांनी हसली आणि मग पत्कीबाईंकडं वळून बोलू लागली. हळू आवाजात, पण खूप वेळ. आपले सुजलेले हात पुढं करून दाखवत होती. तिची नोकरी या मालावरच टिकून होती. म्हातारी गयावया करतेय, हे समजायला मला भाषा येण्याची गरज वाटली नाही. पत्कीबाई खाली बघत दोन शब्द बोलल्या. आयीनं काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, उठली आणि आतल्या खोलीत गेली.

मी विचारलं, काय म्हणत होती? पत्कीबाई म्हणाल्या, "जेव तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी बॅगेतून निळं पेन काढलं, रिपोर्टवर 'पास' लिहिलं आणि सही केली. कागद माझ्यापुढं सरकवला. दोन्ही हातांनी. मला वाटलं, काही डाव असेल, आत्ता म्हणतील की थांब. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी सही केली.

 परतीच्या सबंध प्रवासात मी स्वतःची समजूत घालत होते, की म्हातारीसाठी केलं असेल. तिच्या घरचं अन्न खाल्लंय इतकी वर्षं. माणूस आहे शेवटी.

माल मार्चमध्ये आला आणि महिन्याभरात कॅम्पांत बसवला गेला. शेठनी पत्कीबाईंना काढलं नाही. का काढलं नाही ते मला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती.

मे महिन्यात एका पहाटे एका कॅम्पच्या स्वैपाकघरात कामगारांच्या चहासाठी आचाऱ्यानं बर्नर पेटवला आणि भडका उडाला. आत तो एकटाच होता. दामोदरन नाव, पालघाटकडचा, पन्नाशीचा. हात कोपरापर्यंत भाजले, चेहऱ्याची डावी बाजू गेली. डोळा वाचला नाही.

आम्हाला नऊ वाजता कळलं. पत्कीबाईंनी बातमी उभ्यानं ऐकली. मग त्या गोदामात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी गेले तर जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, तळवे वर. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "गाडी बघ. हॉस्पिटलला जायचंय."

मी त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी भेटू दिलं नाही, आठवड्यानं दिलं. दामोदरनचे दोन्ही हात पट्ट्यांत होते, तोंडाचा अर्धा भाग झाकलेला. पत्कीबाईंनी खुर्ची ओढली आणि आपल्या मिरजेच्या हिंदीत त्याला सगळं सांगितलं. माल कुठला, तो खराब आहे हे मला दिसलं होतं, तरी पास मी केला. एकही शब्द गाळला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, मला वाटत होतं हा माणूस आता ओरडेल. त्यानं उरलेला डोळा त्यांच्याकडं वळवला. मग अगदी साधेपणानं विचारलं,

"मॅडम, आपके घर में कौनसा लगा है?"

मी त्यांच्या बर दुबईच्या घरी कितीदा तरी चहा करून प्यायले होते. शेगडीमागच्या पाइपावर कुठला व्हॉल्व्ह आहे ते मलाही माहीत होतं. त्यांनी स्वतः पारखून, स्वतः उभं राहून बसवून घेतलेला.

"दुसरा," त्या म्हणाल्या.

त्यानं मान हलवली आणि डोळा मिटला.

त्या शुक्रवारी त्यांनी मला बर दुबईला अब्राच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्यांच्या, धक्क्यावर बोलावलं. ऊन कललं होतं, अब्रा भरभरून देऱ्याकडं जात होत्या. आम्ही कठड्याला टेकून बसलो. उद्या आपण स्वतः जाऊन चौकशी करणाऱ्यांना लेखी देणार, असं त्यांनी सांगितलं. माल खराब आहे हे माहीत असून आपण पास केला, आणि दुसरी सही आपल्या हुकमावरून झाली, त्या मुलीला काही कळत नव्हतं, असं लिहिणार.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, मला कळत होतं. आणि शेठ तुम्हाला काढणार आहेत हेही मला माहीत होतं. मला त्यासाठीच पाठवलं होतं."

"मलाही माहीत होतं ते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सही केली."

मग त्यांनी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी शेठनी त्यांनाही केबिनमध्ये बोलावलं होतं. हा माल काहीही करून आणा, मग ईशाची दहावी होईस्तोवर तुमच्या नोकरीला हात लावत नाही, असा शब्द दिला होता. पत्कींच्या बँकेतही माणसं कमी करणं चालू होतं. दोघांच्या नोकऱ्या एकदम गेल्या असत्या तर मुलीला ऐन दहावीत शाळेतून काढून मिरजेला न्यावं लागलं असतं. मला वहीत लिहून घे म्हणाल्या तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं, की आपल्या जागेवर कोण बसणार.

"मला वाटलं आयीसाठी केलंत," मी म्हटलं.

त्या माझ्याकडं वळल्या. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आयी मला सही करू नको म्हणून सांगत होती गं. दहा दिवस तिच्या टाकीत दहातल्या तीन-तीनला बुडबुडे येत होते, आणि मॅनेजर ते उचलून परत खोक्यात टाकत होता. म्हणाली, नोकरी गेली तर मी भावाच्या शेतावर जाईन. पण माझ्या हातांखालून गेलेला माल आहे, तो कुणाच्या घरात जाऊ देऊ नको. मी म्हटलं, तू यात पडू नकोस. तेवढंच बोलले मी तिच्याशी."

समोरून अब्रा सुटली. चार महिने मी त्या म्हातारीला मनातल्या मनात दोष देत होते.

पुढचं सगळं आठ-नऊ महिने चाललं. राहिलेले सगळे व्हॉल्व्ह कॅम्पांतून काढले गेले, त्यांच्या त्या कागदामुळंच. कंपनीनं दामोदरनला भरपाई देऊन पालघाटला पाठवलं. पत्कीबाईंचा पासपोर्ट जमा होता. त्यांना दंड झाला आणि त्या देशात पुन्हा नोकरी करता येणार नाही असं ठरलं. शेठनी चौकशीत पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की ही बाई परस्पर काय करायची ते आपल्याला माहीत नव्हतं. मलाही चौकशीला बोलावलं. मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या म्हणून सही केली. समोरच्यानं लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. त्या एका वाक्यावर माझी नोकरी राहिली.

मराठी मंडळींत जे व्हायचं ते झालं. आधी कुजबुज, मग आमंत्रणं बंद. कुणी म्हणे पैसे खाल्ले असणार. कुणी म्हणे कबूल कशाला केलं, गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मला जास्त हादरा बसला तो या दुसऱ्यांचा. ती चांगली माणसं होती, दर गुरुवारी देवळाच्या रांगेत भेटणारी. ईशाला शाळेत कुणीतरी बोललं. मी भेटायला गेले तेव्हा ती अभ्यासाच्या टेबलावरून न उठता म्हणाली, "शी टोल्ड द ट्रुथ लेट, आँटी. बट शी टोल्ड इट." पंधरा वर्षांची पोर. पत्की पोळ्या लाटत होते.

त्या वर्षभरात पत्कीबाई वाळून अर्ध्या झाल्या. दारात आलेल्या माणसाशीही त्या मोजकंच बोलत, आवाज इतका बारीक की पुन्हा विचारावं लागे. त्या कारखान्यालाही, सही होऊनसुद्धा, उन्हाळ्यातच टाळं लागलं होतं.

पासपोर्ट मिळाला आणि निघायचा दिवस ठरला. पत्कींनी गाडी काढली, ईशा पुढं, मी आणि पत्कीबाई मागं. मी मिरजेच्या हवेचं काहीतरी बोलत होते. त्या म्हणाल्या, "मिरजेला पंधरा दिवसांनी जाणार. आधी तिकडं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी तिकीट दाखवलं. चीनचं होतं.

"आयीला सांगायला हवं ना," त्या म्हणाल्या. "पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी तोंडानंच सांगणार. मग तिनं घरात घेतलं तर घेतलं."

मी पत्कींकडं पाहिलं. आरशात त्यांचे डोळे रस्त्यावरच होते.

विमानतळावर चीनच्या विमानाच्या काउंटरपुढं चिनी कामगारांचा मोठा घोळका होता. बंद पडलेल्या साइटवरून घरी चाललेले. रांगेत सगळ्यात पुढं एक पांढऱ्या केसांचा माणूस भलंमोठं गाठोडं वजनकाट्यावर ठेवून उभा होता. काउंटरवरची मुलगी त्याला इंग्रजीत सांगत होती की वजन जास्त आहे, आणि तो दर खेपेला गाठोडं उचलून परत तिथंच ठेवत होता. मागची माणसं खोळंबली होती. पत्कीबाईंनी आमच्याकडं ट्रॉली दिली आणि त्या पुढं गेल्या.

त्यांनी त्याला काहीतरी विचारलं. तो दचकून मागं सरकला. मग त्याला कळलं की ही पंजाबी ड्रेसमधली बाई आपल्याच भाषेत बोलतेय, आणि तो एकदम बोलायला लागला, दोन्ही हात हलवत, जसं काही वर्षभराचं साठलं होतं. पत्कीबाई त्याच्याहून मोठ्यानं बोलत होत्या. दोघं तिथंच फरशीवर बसली. गाठोडं सोडलं, त्यातून बूट निघाले, प्रेशर कुकर निघाला, लहान मुलाची लाल गाडी निघाली. पत्कीबाईंनी आपली बॅग उघडली. ती अर्धी रिकामीच होती. त्यात त्यांनी त्याचे बूट आणि कुकर कोंबला. तो नको नको म्हणत होता, आणि त्या त्याला खडसावत होत्या. रांगेतले सगळे हसायला लागले. एकानं त्यांना काही म्हटलं, त्यावर त्यांनी असं काय उत्तर दिलं कोण जाणे, हसणं आणखी वाढलं.

"आई असं बोलते?" ईशा मराठीत म्हणाली. तिला मी मराठीत बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते.

पत्कींनी चष्मा काढून पुसला. "मीही कधी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले.

सामान गेलं. त्यांनी येऊन ईशाला जवळ घेतलं, पत्कींना काहीतरी सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाल्या. तो पांढऱ्या केसांचा माणूस लाल गाडी काखेत मारून त्यांची वाट पाहत थांबला होता. दोघं बरोबरच आतल्या दरवाजाकडं गेली. काचेपलीकडं त्यांचा आवाज येत नव्हता, पण त्याचं बोलणं चालू होतं आणि पत्कीबाई मान खाली घालून, सावकाश पावलं टाकत ऐकत होत्या. वळणावर त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, मागं बघतील. त्यांनी त्या माणसाला काहीतरी विचारलं, त्यानं हातानं एक दिशा दाखवली, आणि दोघं तिकडं वळली.